तिकिटाची किंमत कोण ठरवतं?

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांना मी फोनवर विषय सांगितला, "पर्यटनाचं आणि विमान वाहतुकीचं धोरण कसं ठरतं". पलीकडे जरा शांतता झाली. मग ते म्हणाले, "भाई, पोरं जेवून येणार आहेत. झोपतील." म्हणून आधी एक सवाल विचारतो. तुमच्यापैकी किती जणांच्या घरातलं कुणीतरी आखातात नोकरीला आहे किंवा होतं? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. आता दुसरा सवाल. घरातलं कुणी हजला जाऊन आलंय? आणखी हात वर आले. म्हणजे झोपायचं कारण नाही. हा विषय तुमच्याच घरातल्या कपाटात, पासपोर्टांच्या पिशवीत पडलेला आहे.

माझे मामू बरीच वर्षं कुवेतला होते. सुट्टी दोन वर्षांतून एकदा मिळायची, आणि ती नेमकी ईदच्या नाहीतर मे महिन्याच्या आसपास. तिकीट काढलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "एअरलाइनवाल्यांनी लुटलं." मी इंजिनिअरिंगला होतो, मला ते पटायचं. पुढे नोकरी लागली. माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यात एक सवय लागते. स्क्रीनवर चुकीचा आकडा दिसला की स्क्रीनला शिव्या देऊन उपयोग नसतो, तो आकडा कुठून आला हे मागे मागे जाऊन शोधावं लागतं. मामूंच्या तिकिटाचं तसं करून बघितलं. कंपनी नफा कमावते हे खरंच आहे. पण कंपनीच्या मागे एक सरकारी कागद आहे, आणि त्या कागदात एक आकडा आहे: ५,००० किलोमीटर.

दोन देशांमध्ये विमानं किती उडणार हे बाजार ठरवत नाही. दोन सरकारं करार करतात. तुमच्या कंपन्यांना आठवड्याला इतक्या जागा, आमच्या कंपन्यांना तितक्याच. भारत आणि दुबई यांच्यात ही मर्यादा प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६६ हजार जागांची आहे. २०१४ च्या सुमारास ती तिथे पोचली आणि थांबली. दुबई वाढवून मागते, आपण देत नाही. जून २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरण मंजूर केलं, त्यात ही गोष्ट लेखी आली. सार्क देश आणि दिल्लीपासून संपूर्णपणे ५,००० किलोमीटरच्या पलीकडे असलेले देश, यांच्याशी परस्पर तत्त्वावर खुलं आकाश, म्हणजे हव्या तितक्या फेऱ्या. त्याच्या आतल्या देशांना जागा मोजून मिळणार. आता नकाशा काढा आणि दिल्लीत कंपास रोवून वर्तुळ मारा. कुवेत आत, दुबई आत, दोहा आत, रियाध आत. लंडन आणि न्यूयॉर्क बाहेर.

यामागे कारण नाही असं नाही. आखाती कंपन्या मोठ्या आहेत. त्या आपला प्रवासी दुबईला किंवा दोह्याला नेतात आणि तिथून पुढे युरोप-अमेरिकेला पोचवतात. खुलं सोडलं तर भारतीय कंपन्यांना लांबच्या मार्गावर पाय रोवता येणार नाही, अशी भीती आहे, आणि ती मला खोटी वाटत नाही. पण या भीतीची किंमत कोण चुकती करतं? लंडनला जाणाऱ्याला दहा वाटा आहेत. कुवेतला गवंडीकाम करणाऱ्याला, रियाधमध्ये ड्रायव्हर असणाऱ्याला एकच वाट आहे, आणि ती मोजलेल्या जागांची. मागणी वाढली, जागा तेवढ्याच राहिल्या, तर भाडं कुठे जाणार हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. एसटीत उभं राहायलाही जागा नसते त्या दिवशी बाहेर वडापवाला किती मागतो, तुम्हाला माहीत आहे.

माझं म्हणणं इतकंच, की देशी कंपन्यांना संरक्षण द्यायचं असेल तर द्या, पण त्या हिशेबात कामगाराच्या भाड्याचा एक रकाना असू द्या. धोरणात लिहिलंय की, ५,००० किलोमीटरच्या आतल्या देशांचं काय करायचं, आपल्या कंपन्यांनी त्यांच्या वाट्याच्या ८० टक्के जागा वापरल्या नसतील आणि समोरचा देश वाढवून मागत असेल तर काय, याची पद्धत कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती सुचवेल. समितीपुढे आपल्या कंपन्यांनी किती जागा वापरल्या, त्यांच्या कंपन्यांनी किती, हे सगळं येणार. मामू कुठल्याच तक्त्यात नाहीत.

आता कागद बनतो कसा, ते बघू. आमच्या धंद्यात एक साधं हत्यार असतं. एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवायच्या आणि फरक बघायचा: कुठली ओळ गेली, कुठली आली. धोरण वाचताना हेच करा. अंतिम कागद एकटा वाचलात तर सगळं गोड वाटतं. या धोरणाचा पहिला मसुदा नोव्हेंबर २०१४ मध्ये आला, दुसरा ऑक्टोबर २०१५ मध्ये, अंतिम जून २०१६ मध्ये. मधल्या काळात जे बदललं, तिथे कुणाचा तरी हात पोचला होता.

एक उदाहरण '५/२०' या नियमाचं. २००४ पासून असा नियम होता की देशात पाच वर्षं सेवा दिलेल्या आणि ताफ्यात वीस विमानं असलेल्या कंपनीलाच परदेशात उड्डाण करता येईल. जुन्या कंपन्यांना तो हवा होता, कारण त्यांनी ती पाच वर्षं घाम गाळून काढली होती आणि नव्याने आलेल्यांना फुकट सूट मिळू नये असं त्यांचं म्हणणं होतं. व्हिस्तारा आणि एअर एशिया इंडिया नव्या होत्या, त्यांना नियम नको होता. २०१५ च्या मसुद्यात सरकारने तीन पर्याय मांडले: नियम ठेवा, काढा, किंवा देशांतर्गत उड्डाणांच्या गुणांवर परवानगी द्या. शेवटी चौथंच काहीतरी निघालं. पाच वर्षांची अट गेली, पण वीस विमानं किंवा एकूण क्षमतेच्या वीस टक्के, यांतलं जे जास्त असेल ते देशांतर्गत सेवेला ठेवायचं, अशी अट राहिली. दोन्ही बाजूंकडे वकील होते, सल्लागार होते, टीव्हीवर बोलणारी माणसं होती. दोघांनाही थोडं थोडं मिळालं.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्यावर कुणी फारसं बोलत नाही. छोट्या शहरांची विमानसेवा चालवायला पैसा लागणार होता. २०१५ च्या मसुद्यात प्रस्ताव होता की बहुतेक सगळ्या मार्गांवरच्या तिकिटांवर दोन टक्के अधिभार लावायचा, देशातल्या आणि आंतरराष्ट्रीयसुद्धा. कंपन्यांनी विरोध केला. अंतिम धोरणात आंतरराष्ट्रीय तिकीट सुटलं आणि देशांतर्गत मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणामागे ठरावीक रक्कम आली, सुरुवातीला अंतराप्रमाणे ७,५०० ते ८,५०० रुपये. म्हणजे मामूंच्या कुवेतच्या तिकिटावर दोन टक्के बसणार होते आणि बसले नाहीत. मामूंना ना संकट आलेलं कळलं, ना गेलेलं. त्यांचं भलं झालं ते दुसऱ्याच कुणाच्या भांडणात. दर वेळी असं नशीब साथ देत नाही.

त्या पैशातून जी योजना निघाली तिचं नाव उडान. एप्रिल २०१७ मध्ये शिमला ते दिल्ली हे तिचं पहिलं विमान उडालं. तासाभराच्या प्रवासाला सुमारे २,५०० रुपये, पण विमानातल्या साधारण निम्म्याच जागांना. कंपनीला होणारी तूट सरकार भरून देणार, त्यात राज्याचा वाटा २० टक्के, आणि राज्याने त्या विमानतळावर इंधनाचा व्हॅट एक टक्क्यावर आणायचा. तुटीची ही भरपाई तीन वर्षं. त्यानंतर कंपनीने स्वतःच्या पायावर उभं राहायचं.

आमच्या कोकणातलं चिपी घ्या. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. विमानतळ आला ९ ऑक्टोबर २०२१ रोजी, मधे चोवीस वर्षं गेली. उद्घाटनाचं राजकारण तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल, कोण कुणाकडे बघत नव्हतं वगैरे, ते सोडून देऊ. अलायन्स एअरचं मुंबईचं विमान सुरू झालं. लोक खूश. दशावतारी नाटकात राजाची स्वारी येते तशी पहिल्या विमानाची आरती झाली म्हणा ना. मग २०२३ च्या जानेवारीत शेजारी, गोव्याच्या पेडणे तालुक्यात, मोपाचा विमानतळ सुरू झाला. तो आपल्या बांद्याच्या अगदी दाराशी आहे. तिथे देशभरातून विमानं येतात. मालवणला जाणारा दिल्लीचा पर्यटक कुठे उतरेल? आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये चिपीची ती तीन वर्षं भरली, अनुदान थांबलं आणि मुंबईचं विमानही थांबलं.

यात कुणी एक खलनायक शोधू नका. कॅगने ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत ठेवलेला अहवाल वाचा, तो इंटरनेटवर मोफत आहे. उडानच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि अनुदान संपल्यावर, मार्च २०२३ पर्यंत, टिकून होते ५४. सातशे चौऱ्याहत्तरमधले चोपन्न. माझ्या टीममध्ये कुणी असा निकाल आणला तर मी त्याला "तू वाईट काम केलंस" असं म्हणणार नाही. मी विचारेन, की सुरुवातीला तुला काय बनवायला सांगितलं होतं?

सांगितलं होतं ते असं: मार्ग कंपनीने सुचवायचा, बोलीही कंपनीने लावायची. या रचनेला 'मागणीवर आधारित' म्हणतात. म्हणजे कुडाळच्या माणसाला मुंबईच्या दवाखान्यात जायचंय का, सकाळी जाऊन रात्री परत यायचंय का, हा सवाल त्या अर्जात कुठेच नाही. विमानतळावरून मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीला एसटी किती वाजता सुटणार, हाही नाही. एसटी राज्याची, विमानसेवा केंद्राच्या योजनेची, चिपीचा विमानतळ खासगी कंपनीने चालवायला घेतलेला. हे सांगताना लोक हसतात, पण पर्यटन हा शब्द घटनेच्या सातव्या अनुसूचीत कुठल्याच यादीत नाही. विमानं आणि विमानतळ केंद्राच्या यादीत आहेत. विमानाचं इंधन जीएसटीच्या बाहेर आहे, म्हणून त्याचा व्हॅट राज्याच्या हातात. मुंबई आणि पुण्यात तो २५ टक्के होता, २०२३ च्या अर्थसंकल्पात १८ वर आला. पर्यटक एकच, पण त्याच्या एका सहलीचे तीन-चार मालक, आणि त्यांची वही एकमेकांना दिसत नाही.

राज्याच्या पर्यटन धोरणांचीही तीच गत. २०२४ च्या धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार असे आकडे आहेत. मोठे आकडे वाचून माझे डोळे फिरतात. त्यापेक्षा २०२० चं चौपाटीवरच्या शॅकचं छोटं धोरण मला आवडतं. गुहागर, आरे-वारे, तारकर्ली, दिवेआगर असे आठ किनारे नावानिशी निवडले आणि ८० टक्के कामं स्थानिकांना द्यायची अट घातली. अंमलबजावणी किती झाली हा वेगळा सवाल. पण निदान त्या कागदात माणूस दिसतो, आणि उद्या गुहागरचा एखादा मुलगा तो कागद घेऊन तहसील कचेरीत जाऊन विचारू शकतो, की माझे ८० टक्के कुठे आहेत? एक लाख कोटींबद्दल काय विचारणार?

आता हजकडे येतो. इथे जरा थांबणार आहे, कारण यावर आपण आयुष्यभर टोमणे ऐकलेत. शाळेत, ऑफिसात, व्हॉट्सअॅपवर. "तुम्हाला तर सरकार हजला पाठवतं." मलाही कॉलेजात एका मित्राने ऐकवलं होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त लाजलो. आज मला त्या लाजण्याचाच राग येतो.

हजची सबसिडी हा खरं तर विमान वाहतूक धोरणाचा एक तुकडा होता. पूर्वी लोक मुंबईहून बोटीने जेद्दाहला जायचे. माझ्या पणजीच्या गोष्टीत ती बोट आहे. १९९५ मध्ये बोटी बंद झाल्या आणि स्वस्त वाट संपली. राहिलं विमान. हज कमिटीमार्फत जाणाऱ्या माणसाला विमान कंपनी निवडायची मुभा नव्हती. भारत आणि सौदीतल्या व्यवस्थेनुसार ही वाहतूक दोन देशांच्या ठरलेल्या कंपन्यांकडे, आपल्या बाजूने मुख्यतः एअर इंडियाकडे. त्यात हजची विमानं जाताना भरलेली आणि परतताना रिकामी, परत आणताना उलट. तो रिकामा फेरा भाड्यात धरला जायचा. अशा रीतीने भाडं फुगायचं. मग हाजीने एक ठरावीक रक्कम भरायची आणि उरलेला फरक सरकार विमान कंपनीला द्यायचं. कंपनीला, हाजीला नाही. या फरकाचं नाव सबसिडी. २०११ साली तो आकडा सुमारे ६८५ कोटींवर गेला होता.

पैसा कुठल्या खात्यात जमा व्हायचा ते एकदा बघा आणि मग सांगा, पोसलं कुणाला जात होतं? आणि नाव कुणाचं खराब होत होतं?

मे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सबसिडी दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायला सांगितली. ज्या खंडपीठाने हे सांगितलं त्यात न्या. आफताब आलम होते, आणि निकालात कुराणातल्या त्या आयतीचा आधार आहे, की ज्याला ऐपत आहे त्याच्यावरच हज फर्ज आहे. कितीतरी मुस्लिम संघटना आणि नेते आधीपासून हेच म्हणत होते, सबसिडी नको, स्पर्धात्मक निविदा काढा. जानेवारी २०१८ मध्ये ती पूर्ण बंद झाली. मला ते योग्यच वाटलं. पण बघा, गाजली ती सबसिडी बंद झाल्याची बातमी. निविदा कशा निघतात, एका विमानतळासाठी किती कंपन्या बोली लावतात, यावर चर्चा झाली नाही. आणि खरं भाडं तिथे ठरतं.

केरळमध्ये २०२४ च्या हजच्या वेळी हे उघड दिसलं. कोझिकोडहून निघणाऱ्या हाजींना कोची आणि कन्नूरच्या जवळपास दुप्पट भाडं सांगितलं गेलं. कोझिकोडची धावपट्टी टेबलटॉप, २०२० च्या अपघातानंतर तिथे मोठी विमानं उतरत नाहीत, लहान विमानात माणशी खर्च जास्त. तिथल्या लोकांनी नुसता 'अन्याय झाला' असा गळा काढला नाही. त्यांनी निविदा, विमानाचा प्रकार, शेजारच्या विमानतळाचा दर, सगळं मांडून खासदारांना दिल्लीला धाडलं. भाडं पूर्ण बरोबरीचं झालं नाही, पण खाली आलं. आपल्याकडे मुंबई, नागपूर, औरंगाबाद इथून हाजी निघतात. या तिन्ही ठिकाणांचे दर शेजारी मांडून कारण विचारणारे किती जण आहेत?

एक वाट सांगतो आणि थांबतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्राने एक धोरण स्वीकारलं, की कायद्याचा किंवा नियमाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा. ते दर वेळी पाळलं जातं असं नाही, मसुदा बहुधा इंग्रजीत असतो, आणि मराठीत तर नसतोच. मी एकदा एका मसुद्यावर सूचना पाठवली होती. उत्तर आलं नाही. मग एका कार्यालयाला माहिती अधिकारात विचारलं, की एकूण किती सूचना आल्या आणि त्यांचं काय झालं. उत्तर आलं, "माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे." संकेतस्थळ उघडलं तर तिथे माझाच मसुदा होता. हसू नका, मी अपील केलं. दुसऱ्या वेळी यादी मिळाली. त्या यादीत विमान कंपन्या होत्या, विमानतळ चालवणाऱ्या कंपन्या होत्या, सल्लागार होते, हॉटेलवाल्यांच्या संघटना होत्या. व्यक्ती म्हणून लिहिणारे मोजकेच, एका हाताच्या बोटांवर. आखातात कामाला जाणाऱ्यांच्या वतीने एकही पान नव्हतं.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात उडानची सुधारित योजना जाहीर झाली आहे, १२० नवी ठिकाणं, दहा वर्षांत चार कोटी प्रवासी. तिचे कागद येत राहतील. माझ्या लॅपटॉपवर २०१५ चा मसुदा, २०१६ चं धोरण आणि कॅगचा अहवाल आहे. चहा झाला की ज्यांना हवंय त्यांनी पेन ड्राइव्ह घेऊन या. आपण दोन गट करू. एक गट चिपीच्या एसटीचं वेळापत्रक आणि विमानाच्या वेळा शेजारी मांडेल. दुसऱ्या गटाने आपापल्या घरी फोन लावायचा आणि गेल्या तीन खेपांना आखातातून यायला किती भाडं पडलं, कुठल्या महिन्यात, कुठल्या शहरातून, तेवढं वहीत उतरवायचं. मामूंचे आकडे मी आधीच लिहून आणलेत.